चार भिंतींच्या आत

आमच्या तळेखेडची दोन म्हातारी माणसं बिदरच्या कोर्टातून सुटून आली, त्या दिवशी गावाला आनंद व्हायच्याऐवजी जरा चुटपुटच लागली. इतके दिवस आम्ही मन लावून त्यांची काळजी केली होती. दहा वर्षं सक्तमजुरी होणार असं हॉटेलात ठरूनही गेलं होतं. गांजाचा दिल्लीचा नवा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती, तो फार कडक आहे असं सगळे म्हणत, आणि वाचला कुणीच नव्हता. ही दोघं मात्र औरादच्या गाडीतून उतरली, धोतरं झटकली आणि आठवडी बाजार करून आल्यासारखी सरळ कट्ट्यावर जाऊन बसली.

त्यातला एक चन्नबसप्पा. गावातलं मोठं लिंगायत घर, तुरीचा व्यापार, गुलबर्ग्याच्या डाळ मिलीपर्यंत नाव. दुसरा भीमनगरचा राघोबा, गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्यानं उभ्या केलेल्या, आणि त्यात चन्नबसप्पाचं दगडी घरसुद्धा आलं. छप्पन सालानंतर त्याच्या आळीनं दीक्षा घेतली, देव बाहेर काढले, आळीचं नाव बदललं. राघोबाची चिलीम तेवढी बदलायची राहिली.

कोर्टात झालं ते एवढंच, की न्यायाधीशसाहेबांनी फौजदारानं पकडलेली पुडी सोडून बघितली, वकिलाचं ऐकलं आणि सांगितलं, की नव्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा तुरा. हा नुसता पाला आहे. पाला त्या कायद्यात बसत नाही. फौजदाराचं तोंड एवढंसं झालं. गावानं त्यातून सोयीचा अर्थ काढला, की सरकारनं पाला मोकळा केला.

माझं शिलाईचं मशीन कट्ट्यासमोरच्या ओट्यावर आहे. पाय मशीनवर आणि डोळे गावावर, असा माझा धंदा. म्हणून हे सगळं मला सांगता येतं.

कट्टा म्हणजे गुरुसिद्ध महाराजांच्या समाधीचा. वर लिंबाचं झाड. तिथं संध्याकाळी धूप झाला की चिलीम निघायची, आणि तिचे नियम पक्के होते. एकट्यानं ओढायची नाही. एकटा ओढतो तो गंजेटी, दोघं ओढतात तो सत्संग. ज्यानं भरली त्यानं पेटवायची नाही. आणि तोंड लावायचं नाही. ज्यानं त्यानं आपली ओली साफी, म्हणजे मलमलची चिंधी, चिलमीच्या बुडाला गुंडाळायची आणि मुठीतून ओढायची. महाराजांनी हे कशासाठी सांगितलं असेल ते महाराज जाणोत. गावानं ते शिवाशिवीची सोय म्हणून घेतलं. तोंड लागत नाही म्हणताना चन्नबसप्पानं भरायची आणि राघोबानं पेटवायची, हे रझाकाराच्या काळापासून चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलमल माझ्या दुकानातली. दोघांची साफी एकाच तुकड्याची असायची.

आणखी एक गंमत होती. कट्ट्यावर राघोबा त्याला 'चन्ना' म्हणायचा, अरे-तुरे करायचा. कट्ट्याखाली पाय ठेवला की लगेच 'अप्पा' आणि 'तुमी'. दोघांच्याही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की चप्पल घातल्याबरोबर जीभ बदलायची.

त्याच साली मंडल पंचायती नव्या झाल्या आणि चन्नबसप्पाचा थोरला, जगदेवप्पा, आमचा प्रधान, म्हणजे सरपंच, झाला. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा होता एवढंच. भीमनगरच्या मतांवर निवडून आला. तिथं त्यानं भाषण केलं, की बसवण्णांनी आणि बाबासाहेबांनी एकच गोष्ट सांगितली, माणूस सगळा सारखा. टाळ्या पडल्या. भाषणाआधी चहा आला होता, तो त्यानं वेळ नाही म्हणून घेतला नाही. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पंचायतीचं कार्यालय बांधलं ते नेमकं कट्ट्यासमोर. पहिल्यांदा बिदरहून साहेब आले, जीपमधून उतरले, हार घालून घेतला आणि समोर बोट दाखवून विचारलं, "ते धूर काढत बसलेले दोघं कोण?"

जगदेवप्पानं साहेबांना आत चला म्हटलं. बोलणार काय? त्यातला एक त्याचा बाप होता.

पंचायतीचा पहिला ठराव पाण्याच्या टाकीचा असेल असं आम्हाला वाटलं होतं. तो चिलमीचा निघाला. कन्नडात लिहिला, मराठीत समजावला, आणि बाहेर आल्यावर लोकांनी दख्खनीत शिव्या घातल्या. सार्वजनिक जागी गांजा, पाला, भांग, जे काही असेल ते ओढलं किंवा प्यालं तर पंचवीस रुपये दंड. दिल्लीच्या कायद्यातून जे निसटलं ते तळेखेडनं धरलं.

सभेत मीही होतो. कुणीतरी विचारलं, "सार्वजनिक जागा म्हंजी कोन्ती?"

"रस्ता, गल्ली, कट्टा, मठ, वढा, गाडी थांबायची जागा," जगदेवप्पा म्हणाला.

"आन रान?"

"रस्त्यावरनं दिसायलंय तेवढं रान."

"आन घर?"

ह्या प्रश्नाची तो वाटच बघत होता. "घर ज्याचं त्याचं. चार भिंतीच्या आत कुनी काय करायलंय, ते पंचायत इच्यारनार न्हाई. तसं लिवूनच घेतलंय."

आम्हाला कळलं. हे कलम त्यानं बापासाठी घातलं होतं. म्हाताऱ्यानं घरात बसून सुखानं ओढावी, साहेबांच्या डोळ्यांपुढं तेवढी ओढू नये. पोराची माया अशी कायद्यातून वाट काढत होती, म्हणून मला ते आवडलंही. मग त्यानं आणखी एक ओळ घातली, की चिलीम नुसती हातात दिसली तरी दंड, पेटलेली असो वा नसो. "म्हातारी लोकं लई हुशार हायत. शिट्टी ऐकली की इझिवतेत आन म्हनतेत, नुसती धरलोय."

शिट्टी कोतवाल नरसिंगला मिळाली. नरसिंग साधा माणूस. त्याला सांगावं तेवढंच तो करतो, पण तेवढं मात्र करतोच. सरकारी माणसात हा गुण फार धोक्याचा.

पहिल्या संध्याकाळी शिट्टी वाजली. चन्नबसप्पानं दोघांचा दंड एकदम भरला आणि हसून उठला.

"चल राघोबा. उद्यापासून घरी बसू."

"घरी? कुनाच्या?"

"माझ्या. आन कुनाच्या? बांधलंस की तूच."

राघोबा पाय कट्ट्याखाली ठेवून म्हणाला, "बघू अप्पा."

कलम लिहिताना जगदेवप्पा एकच गोष्ट विसरला होता. चिलीम एकट्यानं ओढायची नसते. त्यानं बापाला चार भिंती दिल्या, पण चिलमीला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस कोण, हे त्यानं मनात आणलंच नव्हतं. इतका हुशार माणूस, पण गावात सगळ्यांना दिसणारी गोष्ट घरच्यांना शेवटी दिसते म्हणतात तसं झालं.

रुद्रम्मा म्हणजे जगदेवप्पाची बायको. घरातली लिंगपूजा तिच्या हातची, आणि घरही तिच्याच हातचं. चन्नबसप्पानं तिला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. हे मला पुढं तिनंच सांगितलं, झंपर शिवायला आली तेव्हा; ती काही लपवत नाही.

"ओढा की मामा," ती म्हणाली. "सोप्यात बसा, परसात बसा. धुराचं मला काई न्हाई."

"राघोबा यील."

तिचा हात थांबला. "मंग भाईर बसा."

"भाईर ठराव हाय."

"मंग ठराव कुनी केला त्येला इच्यारा. मला कामून इच्यारायलाव?"

जगदेवप्पाला विचारलं तर तो म्हणाला, की अप्पा, माझं काही नाही, पण घरात बायका आहेत, पूजा आहे, पावणेरावळे येतात. सोप्यात भिंतीवर बसवण्णांची तसबीर होती. तिला रोज ताजा हार असतो.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, म्हणजे तो राघोबानंच काढला. तो आला आणि नेहमीसारखा दाराबाहेर पायरीच्या दगडावर बसला. चन्नबसप्पा उंबऱ्याच्या आत बसला. आतल्यानं भरली, बाहेरच्यानं पेटवली, आणि चिलीम उंबऱ्यावरून अलीकडे-पलीकडे जायला लागली. घर बाटलं नाही, सत्संगही झाला. गल्लीतून जाणारे लोक थांबून बघत होते आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.

नरसिंग आला. त्यानं खाली वाकून उंबरा बघितला, दगड बघितला. दगड गल्लीत येत होता. त्यानं शिट्टी वाजवली.

"कुनाला वाजिवलास?" चन्नबसप्पानं विचारलं.

"राघोबाला."

"चिलीम माझ्या हातात हाय, बघ!"

"तुमी आत हाव, अप्पा."

एकच चिलीम, एकच पाला, एकाच मलमलची साफी. आतला कायद्यानं वागणारा आणि बाहेरचा गुन्हेगार. मला हे सांगताना आजही राग येतो, आणि त्याहून जास्त राग ह्याचा येतो, की नरसिंगची चूक मला काही काढता येत नाही. ठरावात तसंच होतं.

चन्नबसप्पा तसाच अनवाणी पंचायतीत गेला. मी मशीन थांबवलं. आतून त्याचा आवाज येत होता. "मला दंड कर. त्येला केलास तर मलाबी कर."

"अप्पा, तुमाला कसा करू? कायद्यात बसत न्हाई."

"कायदा तूच केलास की!"

"म्हनून तर सांगायलोय, बसत न्हाई."

बाहेर आला तेव्हा म्हाताऱ्याच्या मानेची शीर उडत होती. राघोबा कट्ट्यावर बसला होता, नुसताच. चन्नबसप्पा त्याच्यापुढं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्यापासनं तू आत येऊन बसायचास. सोप्यात. बघतो कोन काय म्हनतंय ते."

राघोबानं त्याच्याकडं बघितलं. "नको अप्पा," तो म्हणाला.

तो कट्ट्यावर बसला होता, आणि तरी त्यानं 'अप्पा' म्हटलं. चन्नबसप्पाला ते लागलं, हे मला माझ्या ओट्यावरून दिसलं.

"कामून नको?"

"त्या घराच्या भिंती मी उभारलो. वास्तु हुईपतूर देवघरात सुदिक हिंडलो, कुनी काई म्हनलं न्हाई. वास्तु झाली त्या दिशी तुमी म्हनलाव, राघोबा, पायरीपाशी बस, जेवन तितंच यील. बसलो. तवाधरनं तितंच बसायलोय. तो दगड बी मीच घडिवलेला हाय, बसायला गुळगुळीत." त्यानं साफीची घडी घातली. "इतक्या वरसात आत ये म्हनलाव न्हाई. आता दंडाच्या भ्यानं म्हनायलाव."

"तसं न्हाई रे."

"मंग कसं?"

चन्नबसप्पानं कुठलंही उत्तर दिलं असतं तरी ते खोटं झालं असतं. राघोबानं साफी कट्ट्यावर ठेवली आणि तो भीमनगराकडे निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. चन्नबसप्पा रोज संध्याकाळी यायचा, लिंबाखाली बसायचा. चिलीम शेल्याखाली असायची, भरलेली असायची की नसायची ते मला माहीत नाही. पण भरलेली असती तरी पेटवणार कोण? घरात बसून ओढायला त्याला ना कायद्याची आडकाठी होती, ना सुनेची. चार भिंती तयार होत्या. त्यानं एकदाही ओढली नाही. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. बिदरचे साहेब पुन्हा आले, रिकामा कट्टा बघून म्हणाले, "वा प्रधानसाहेब, गाव सुधारलं." जगदेवप्पानं बापाकडं बोट दाखवून सांगितलं, की आमच्या वडलांनीसुद्धा सोडली. चन्नबसप्पा ऐकत होता. माणसाचं सगळं काढून घ्यावं आणि वर त्याला सुधारला म्हणावं, ह्याला काय म्हणायचं?

मग एका सकाळी तो उठला, अंगाला शेला गुंडाळला आणि भरल्या गावातून भीमनगराकडे चालायला लागला. त्या वाटेला चन्नबसप्पाचं काही काम नव्हतं. त्याचं शेत दुसऱ्या अंगाला, बाजार तिसऱ्या अंगाला. लोक दारात येऊन बघायला लागले.

पुढचं भागाबाईकडून कळलं. भागाबाई राघोबाची बायको, अंगणात सडा टाकत होती. चन्नबसप्पा दारापुढं येऊन उभा राहिला.

"राघोबा हाय?"

"हाय की. आत हायत."

"बोलव त्येला."

"बोलवायचं कामून? तुमीच या की आत."

सत्तर वर्षांचा माणूस त्या आळीत पहिल्यांदा उभा होता. त्यानं पायातल्या चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. भागाबाईनं तोवर त्याच्या कमरेकडं बघितलं होतं.

"शेल्याखाली काय हाय, अप्पा?"

"चिलीम."

"ती भाईर ठिवा. आत बुद्धाम्होरं आमी पंचशील म्हनतो. ह्येनीबी घरात कवा पेटिवली न्हाई, तुमाला कशी पेटवू देऊ?" आणि सड्याची बादली बाजूला ठेवून म्हणाली, "तुमी या. तुमाला काई न्हाई."

दाराशेजारी भिंतीत दिव्याची देवळी होती. चन्नबसप्पानं चिलीम आणि दोन्ही साफ्या तिथं ठेवल्या. आमच्या गावाचं सगळं पुराण त्या देवळीत मावलं असं मला वाटतं. त्याच्या घरात चिलीम चालत होती आणि राघोबा चालत नव्हता. ह्या घरात चन्नबसप्पा चालत होता आणि चिलीम चालत नव्हती. तो वाकून आत गेला.

राघोबा ओळंब्याची दोरी बदलत बसला होता. त्यानं मान वर केली, पण ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. चन्नबसप्पा मग भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "भागाबाई, पानी दे."

तिनं तांब्या दिला. त्यानं वरून धार धरली नाही, तोंड लावून प्याला. घाईत पाणी गळ्यावर सांडलं, सदरा भिजला.

"हळू पी, चन्ना," राघोबा म्हणाला.

भागाबाई हे सांगताना थांबली आणि पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, की मापं नीट घ्या, मागचं झंपर काखेत काचलं.

त्या दिवसापासून चन्नबसप्पा रोज तिकडं. सकाळी जायचा, जेवणवेळेला परत. दोघं काय करायचे? काही नाही. चहा प्यायचे, दोरी वळायचे, एकमेकांच्या खोकल्याला नावं ठेवायचे. चिलीम देवळीत तशीच. बघा, ठरावानं जे करायचं म्हटलं होतं ते पुरतं झालं. गावात धूर उरला नाही. आणि गाव पेटलं ते आता.

धुरानं कुणाच्या नाकाला कधी त्रास झाला नव्हता, चहाचा मात्र झाला. मठातल्या लोकांनी जगदेवप्पाला गाठून विचारलं. भावकीनं विचारलं. त्याच्या मुलीची सोयरीक मन्नाएखेळ्ळीच्या एका घरी ठरत आली होती, तिथून निरोप आला, की मुलीचे आजोबा भीमनगरात जेवतात-पितात म्हणे, खरं आहे का? ह्याच घरचे लोक पोरगी बघायला आले होते, तेव्हा आजोबा कट्ट्यावर धूर काढत बसले होते आणि पावण्यांनी त्यांना 'शिवशरण माणूस' म्हणून वाकून नमस्कार केला होता. कोर्टाची केस सगळ्या तालुक्याला माहीत होती. तिच्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

जगदेवप्पाला झोप लागेना. शेवटी तो स्वतः भीमनगरला निघाला. प्रधानसाहेब बापाला आणायला चाललेत म्हणताना मागं गाव निघालं, आणि मीही निघालो. नरसिंगही शिट्टी गळ्यात घालून होताच.

राघोबाच्या दारापुढं गल्लीत जगदेवप्पा थांबला. आतून दोघा म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"अप्पा," त्यानं हाक मारली. "भाईर या."

"कोन, जगदेव? काय काम काढलास?"

"कट्ट्यावर चला. पहिल्यासारखं बसा तितं. नरसिंगला सांगितलोय, कट्ट्याकडं बघू नको म्हनून."

"आन ठराव?"

"येत्या सभेत मागं घेतो. सगळ्यांना इच्यारलोय, सगळे राजी हायत."

ही गोष्ट खरी होती. टाकीच्या ठरावावरून ज्यांनी भांडून सभा उधळली होती, तेच सभासद चिलीम परत आणायला एका दिवसात एकमतानं तयार झाले होते.

"मागं कामून घेतोस?" आतून चन्नबसप्पाचा आवाज आला, अगदी शांत. "लई चांगला ठराव हाय. चार भिंतीच्या आत कुनी काय करायलंय, ते पंचायत इच्यारनार न्हाई. तूच लिवलास की."

लोक हसले. जगदेवप्पाचे कान लाल झाले. तेवढ्यात भागाबाई चहाचा कप घेऊन दारात आली.

"प्रधानसाब, गल्लीत कामून उभारलाव? आत या. च्या केलाय."

"नको. डॉक्टरनं सोडायला लावलाय."

सकाळीच त्यानं माझ्या ओट्यासमोर हॉटेलातला चहा दोनदा घेतला होता. भीमनगरची माणसं आपापल्या दारात उभी होती, आणि ह्यांच्याच मतांवर तो निवडून आला होता. भागाबाईनं कप पायरीवर ठेवला आणि ती बाजूला झाली. जगदेवप्पानं कपाकडं बघितलं नाही. त्याची नजर देवळीकडे गेली. काय त्याच्या मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं हात घालून चिलीम काढली आणि दाराकडे पुढं केली.

"ही घ्या अप्पा," तो जवळजवळ विनवत होता. "मीच पेटवून देतो पायजे तर. पर भाईर या."

आमच्या मंडल पंचायतीचा प्रधान, ज्यानं गावातली चिलीम बंद केली, तो भर दिवसा भर गल्लीत चिलीम हातात धरून उभा होता. मला वाटतं ते सगळ्यांना एकदमच दिसलं. नरसिंगलाही दिसलं. कट्ट्याकडे बघू नको असं त्याला सांगितलं होतं, भीमनगराचं कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि चिलीम पेटलेली असो वा नसो, हे त्याला चांगलं पाठ होतं. त्यानं गाववाल्यांकडे बघितलं, आणि मग शिट्टी वाजवली.

कुणी हसलं नाही. जगदेवप्पा चिलीम टाकूही शकेना, धरूही शकेना.

आत राघोबा उठून दारापर्यंत आला. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला तो थांबला आणि बाहेर गल्लीत उभ्या असलेल्या चन्नबसप्पाच्या पोराला म्हणाला, "आत या, प्रधानसाब. आत यायला दंड न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, जगदेवप्पाला रागावता तरी आलं असतं. म्हातारा खरंच बाजूला सरकून वाट देत होता. चहाच्या कपावर साय धरत होती. जगदेवप्पानं उंबऱ्याकडे बघितलं, मागं उभ्या गावाकडे बघितलं, आणि खिशात हात घालून दंड भरला.